तळमजल्यावर हीटर लावला की दुसऱ्या मजल्यावरचे दिवे जळतात: सुटलेल्या न्यूट्रलचं प्रकरण

तीन मजली इमारत. थ्री-फेज, चार तारांचा पुरवठा: दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तळमजल्याला आर फेज, पहिल्या मजल्याला वाय, दुसऱ्याला बी. न्यूट्रल, म्हणजे परतीची शून्य व्होल्टची तार, तिघांना सामाईक. अर्थची तार वेगळी आहे आणि ती थेट पुरवठ्याच्या अर्थला जोडलेली आहे.

तक्रार अशी की तळमजल्यावर पाण्याचा हीटर लावला की दुसऱ्या मजल्यावरचे दिवे भगभगीत होतात आणि हीटर बंद केला की बरेचसे निवळतात. हीटरचं पाणी मात्र कोमटच राहतं. एकाच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर दोन एलईडी दिवे आणि राउटरचा अडॅप्टर गेला, पहिल्या मजल्यावर टीव्हीचा पॉवर सप्लाय गेला. एकही एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारी स्विच) पडली नाही. आरसीसीबीही (अर्थकडे करंट गळला की पडणारी स्विच) पडली नाही. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, आणि उपकरणं तरीही चालू आहेत.

अशा वेळी पहिला अंदाज "वरूनच जादा व्होल्टेज आलं" असा असतो. तो इथे टिकत नाही, कारण वरून जादा आलं असतं तर हीटर जास्त तापला असता. एका मजल्यावर व्होल्टेज कमी, दोन मजल्यांवर जास्त, आणि हे सगळं एका हीटरच्या स्विचवर हलतंय, एवढ्यावरूनच संशय न्यूट्रलवर जायला हवा. पण तो न्यूट्रलवरच का, हे नीट कळलं नाही तर माणूस दिवे आणि अडॅप्टर बदलत बसतो. म्हणून आधी मोजमाप, मग हिशेब.

मीटर काय सांगतो

आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून भार गोल धरले आहेत. आर फेजवर हीटर २००० वॅट आणि इतर ३०० वॅट, म्हणजे एकूण २३०० वॅट. वाय फेजवर ४६० वॅट, बी फेजवर २३० वॅट. सध्या हे सगळे साधे रेझिस्टर आहेत असं मानू. खऱ्या उपकरणांमुळे काय बदलतं ते पुढे येईल.

हीटर चालू असताना मजल्यांच्या वितरण बोर्डावर फेज-न्यूट्रल व्होल्टेज असं दिसतं: आर ८१, वाय ३२३, बी ३४१. हीटर बंद केल्यावर: आर २४५, वाय १८५, बी २६७. दोन्ही वेळा कुठल्याही दोन फेजमधलं व्होल्टेज मात्र ४००च, आणि प्रत्येक फेज ते अर्थ २३०च.

निदान या शेवटच्या दोन ओळींतच आहे. तिन्ही फेज एकमेकांच्या आणि अर्थच्या तुलनेत आपापल्या जागी ठाम आहेत. जागा सोडली आहे ती फक्त न्यूट्रलने. हीटर चालू असताना न्यूट्रल ते अर्थ मोजलं की १५१ व्होल्ट येतात, ही त्याची थेट खूण.

मोजताना किमान कॅट-३ (मीटरचा सुरक्षा-वर्ग), ६०० व्होल्ट दर्जाचा मीटर हवा. २३० व्होल्टच्या घरगुती बोर्डावर ३४० व्होल्ट दिसू शकतात आणि एका विशिष्ट चाचणीत पूर्ण ४००ही दिसतात.

शून्याची तार तुटली तर वीज बंद का होत नाही?

सिंगल-फेज घरात न्यूट्रल तुटला तर सगळं बंदच पडतं. फेज उपकरणापर्यंत पोचतो, पुढे परतीचा रस्ता नसतो, करंट शून्य. तिथेही टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो, कारण चालू ठेवलेल्या एखाद्या उपकरणातून फेज पलीकडच्या, आता कुठेच न बांधलेल्या तारेवर येतो. पण काहीही चालत नाही. दोन्ही भोकांत टेस्टर आणि सगळं बंद, म्हणजे त्या एकाच शाखेचा न्यूट्रल गेलेला. दोन्ही भोकांत टेस्टर आणि उपकरणं वेडीवाकडी का होईना चालू, म्हणजे थ्री-फेजचा सामाईक न्यूट्रल गेलेला असण्याची दाट शक्यता.

थ्री-फेजमध्ये परतीचा दुसरा रस्ता असतो. पहिल्या मजल्यातून निघालेला करंट सामाईक न्यूट्रल पट्टीवर येतो, तिथून पुढे जायला तार नाही, म्हणून दुसऱ्या मजल्याच्या उपकरणांतून उलटा शिरून बी फेजला जाऊन मिळतो. दोन्ही मजले आता २३० व्होल्टवर वेगवेगळे नाहीत. ४०० व्होल्टवर एकमेकांच्या सिरीजमध्ये आहेत.

आर फेज क्षणभर बाजूला ठेवून फक्त वाय आणि बी बघू. २३० व्होल्टवर ४६० वॅट म्हणजे ११५ ओहम, आणि २३० वॅट म्हणजे २३० ओहम. सिरीजमध्ये ३४५ ओहम. ४०० व्होल्टवर करंट १.१६ अँपिअर. पहिल्या मजल्याला १३३ व्होल्ट मिळाले, दुसऱ्याला २६७. जिथे भार कमी, तिथे ओहम जास्त, आणि सिरीजमध्ये ज्याचे ओहम जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. एकट्या चार्जरचं घर जळतं आणि हीटरवाल्याचं वाचतं, ते यामुळेच.

आता तिन्ही फेज. आर, वाय, बी हे एका समभुज त्रिकोणाचे तीन कोपरे समजा, बाजू ४०० व्होल्ट. न्यूट्रल जोडलेला असतो तेव्हा तो त्रिकोणाच्या मध्यबिंदूला खिळलेला असतो. तिथून प्रत्येक कोपरा २३० व्होल्टवर. तार तुटली की तो बिंदू मोकळा होतो आणि भारांच्या ओढीप्रमाणे सरकतो. तो कुठे जाऊन थांबेल हे ठरवायचा नियम सोपा आहे: प्रत्येक कोपऱ्याला त्याच्या फेजच्या कंडक्टन्सएवढं, म्हणजे १ भागिले ओहम एवढं, वजन द्यायचं आणि वजनदार सरासरी काढायची.

आपल्या भारांचं प्रमाण १० : २ : १. बिंदू आर कोपऱ्याकडे १५१ व्होल्ट सरकतो. तिथून आर ८१, वाय ३२३, बी ३४१. हीटर बंद केला की प्रमाण १.३ : २ : १ होतं आणि बिंदू मध्यापासून फक्त ४७ व्होल्टवर राहतो. म्हणून दिवे निवळतात. दोष गेलेला नसतो, फक्त भार जवळजवळ सारखे झालेले असतात. तिन्ही भार अगदी समान असते तर न्यूट्रल तुटलेला असूनही तिन्ही मजल्यांवर बरोबर २३० दिसलं असतं. "आम्ही दुपारी तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं" हे वाक्य या दोषात बऱ्याचदा खरं असतं आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

भार रेझिस्टिव असतील तोवर बिंदू त्रिकोणाच्या बाहेर जात नाही, त्यामुळे कुठल्याही मजल्याला ४०० व्होल्टहून जास्त मिळणार नाही. मोटर आणि कपॅसिटर मिसळले की ही हमी राहत नाही.

टेस्टरचं कोडंही इथेच सुटतं. टेस्टरमधला निऑन साधारण ६५ ते ९० व्होल्टच्या शिखराला (एसी लाटेच्या सर्वोच्च बिंदूला, मीटरच्या आकड्याच्या सुमारे १.४१ पट) पेटतो. न्यूट्रलवर १५१ व्होल्ट असताना तो पेटणारच. हीटर बंद असताना ४७ व्होल्ट, म्हणजे शिखर ६७ व्होल्ट. तेव्हा एखादा टेस्टर मिणमिणेल, दुसरा पेटणारही नाही. टेस्टरच्या भरवशावर "न्यूट्रल बरोबर आहे" म्हणू नये.

एमसीबी आणि आरसीसीबी गप्प का?

एमसीबी करंट बघते, व्होल्टेज नाही. न्यूट्रल तुटल्यावर आर फेजचा करंट १० अँपिअरवरून ३.५ वर उतरतो. वायचा २ वरून २.८, बीचा १ वरून १.५. सोळा अँपिअरच्या एमसीबीला यात कसलीच तक्रार नाही. दुसऱ्या मजल्यावरची उपकरणं मात्र २३० वॅटच्या जागी ५०६ वॅट खात असतात.

आरसीसीबी तिच्यातून जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटची बेरीज बघते. तुटलेली जागा तिच्या आधी असेल तर मजल्यावर फेजने आलेला करंट त्याच मजल्याच्या न्यूट्रलने पूर्ण परत जातो, पुढे तो पट्टीवरून दुसऱ्याच मजल्यात शिरतो ही गोष्ट वेगळी. बेरीज शून्य, आरसीसीबी शांत. अर्थकडे गळती होत नाही तोवर तिने पडायचं कारणच नाही.

म्हणजे नेहमीच्या बोर्डावरची दोन्ही संरक्षणं या दोषासमोर आंधळी आहेत, आणि ती बिघडलेली नाहीत. यासाठी व्होल्टेज बघणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लागतो. प्रत्येक सिंगल-फेज बोर्डावर तो एमसीबीच्या पुढे बसवावा, वरची मर्यादा साधारण २६५ व्होल्ट आणि खालची १८० व्होल्टच्या आसपास ठेवावी, आणि पुरवठा सुधारल्यावर काही मिनिटं थांबून जोडणारा घ्यावा, म्हणजे फ्रिजच्या कॉम्प्रेसरला लगेच झटका बसत नाही.

काय जळतं, आणि कसं

३४१ व्होल्टचं शिखर ४८२ व्होल्ट. १००-२४० व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये ब्रिज रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचा) मोठा कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टचा असतो. तो फुगतो, वरची खाचेची बाजू फाटते, आतलं द्रव्य बाहेर येतं. त्याच्या आधी एमओव्ही (ठरावीक व्होल्टेज ओलांडलं की वाहू लागणारा संरक्षक घटक) असेल तर तो २७५ व्होल्ट एसीच्या दर्जाचा, म्हणजे साधारण ४३० व्होल्टला वाहू लागणारा असतो. एमओव्ही विजेच्या क्षणिक धक्क्यांसाठी असतो, सलग मिनिटभर वाहण्यासाठी नाही. तो तापतो, तडकतो आणि नशीब चांगलं असेल तर पुढचा फ्यूज उडवून उरलेलं सर्किट वाचवतो.

खरा त्रास असा की ही इलेक्ट्रॉनिक उपकरणं रेझिस्टरसारखी वागत नाहीत. अडॅप्टरमध्ये असतो तो स्विच-मोड पॉवर सप्लाय आत ठरलेली पॉवर ओढतो, म्हणून व्होल्टेज वाढलं की त्याचा करंट कमी होतो. बाहेरून बघता त्याचे ओहम वाढतात. ओहम वाढले की सिरीजमध्ये त्याच्या वाट्याला आणखी व्होल्टेज येतं. बी फेजवर नुसते चार्जर आणि एलईडी असतील तर वरचा ३४१चा हिशेब सौम्य ठरतो.

८१ व्होल्टच्या बाजूलाही सुख नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर एवढ्या व्होल्टेजवर सुरू होत नाही, जागीच अडकून मोठा करंट ओढतो आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याला पुन्हा पुन्हा तोडत राहतो. हे तासभर चाललं तर वाइंडिंग जातं.

आधी काय बंद करायचं

दिवे भगभगले की माणूस एकेक मजला बंद करायला धावतो. या दोषात ते सगळ्यात वाईट. पहिल्या मजल्याची एमसीबी पाडली तर उरतात आर आणि बी, प्रमाण १० : १. दुसऱ्या मजल्याला ४०० व्होल्टचे अकरापैकी दहा हिस्से मिळतात, म्हणजे सुमारे ३६४ व्होल्ट. पहिला मजला वाचवताना दुसरा पुरता गेला. त्यामुळे मुख्य स्विच, तिन्ही फेज एकदम. हीटर आधी बंद करणं योगायोगाने या इमारतीत चाललं असतं, पण दुसऱ्या इमारतीत उलटही होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. उपकरणाचा साधा स्विच फक्त फेज तोडतो. स्विच बंद असतानाही उपकरणाच्या आतली न्यूट्रलची तार १५१ व्होल्टवर असते. "स्विच बंद आहे, होल्डरला हात लावायला हरकत नाही" हा हिशेब इथे चुकतो. आणि ज्या मांडणीत न्यूट्रल आणि अर्थ इमारतीपर्यंत एकाच तारेतून येतात आणि आत येऊन वेगळे होतात, तिथे ती तार तुटली तर उपकरणांची धातूची अंगं, नळ, फ्रिजचं दार सगळंच त्या व्होल्टेजवर जातं. या प्रकरणात अर्थ वेगळा असल्यामुळे ते टळलं, आणि फेज-अर्थ मोजमापावर विश्वास ठेवता आला तोही त्याचमुळे.

तुटलं कुठे

मुख्य स्विचच्या येणाऱ्या बाजूला मोजलं तर फेज-न्यूट्रल तिन्ही २३०. जाणाऱ्या बाजूच्या न्यूट्रल पट्टीवर मोजलं तर ८१, ३२३, ३४१. मीटरची एक पिन येणाऱ्या केबलच्या न्यूट्रल कोअरवर आणि दुसरी पट्टीवर ठेवली तर १५१ व्होल्ट, म्हणजे एकाच मानल्या गेलेल्या तारेच्या दोन टोकांमध्ये १५१ व्होल्ट. दोष त्या दोन पिनांच्या मधेच. (येणाऱ्या बाजूलाच आकडे वाकडे असते तर दोष पुरवठा कंपनीच्या हद्दीत, आणि सील न तोडता त्यांनाच बोलवायचं.)

केबल साडेतीन कोअरची अ‍ॅल्युमिनिअमची: तीन कोअर २५ चौरस मिलीमीटर, न्यूट्रल १६. न्यूट्रलच्या तारा लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता सरळ पट्टीच्या पितळी स्क्रूखाली दाबलेल्या. इन्सुलेशन काही सेंटिमीटर तपकिरी आणि कडक, तारांवर ठिणग्यांचे खड्डे.

असा जोड एका दिवसात जात नाही. अ‍ॅल्युमिनिअमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर येतो आणि तो वीज वाहत नाही. दाबाखाली अ‍ॅल्युमिनिअम हळूहळू सरकतं. तापताना ते पितळापेक्षा जास्त प्रसरण पावतं, स्क्रूखाली चिरडतं, आणि थंड झाल्यावर पकड सैल राहते. पुढच्या वेळी रेझिस्टन्स थोडा जास्त, उष्णता थोडी जास्त.

या भारांवर धडधाकट न्यूट्रलमधून ८.५ अँपिअर जातो. जोडाचा रेझिस्टन्स ०.१ ओहम असेल तर तिथे ०.८५ व्होल्ट पडतात, ७ वॅट उष्णता. तो २ ओहम झाला की १५ व्होल्ट आणि ११८ वॅट, एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत. आणि तेव्हा मजल्यांवर काय दिसतं? आर २१५, वाय २३७, बी २३९. हे आकडे कुणालाही पुरवठ्यातला किरकोळ चढउतार वाटतील. जोड जळत असताना दिवे जवळजवळ नीट चालतात, हा या दोषाचा सगळ्यात धोकादायक काळ, आणि पकडायचा तो इथेच. मोठा भार लावल्यावर एका फेजचं व्होल्टेज उतरून बाकी दोघांचं *चढत* असेल, तर न्यूट्रलचे जोड त्याच दिवशी उघडून बघावेत. फेजच्या तारेत व्होल्टेज पडल्याने दुसरी फेज कधी चढत नाही.

दुरुस्ती आणि खात्री

पुरवठा येणाऱ्या बाजूने बंद, कुलूप, आणि मृत असल्याची खात्री: मीटर आधी चालू जागी, मग इथे, मग पुन्हा चालू जागी. जळलेला भाग निरोगी चकचकीत अ‍ॅल्युमिनिअम लागेपर्यंत कापायचा. तारा वायर ब्रशने घासून लगेच ऑक्साइडरोधक ग्रीस लावायचं. पट्टी पितळ किंवा तांब्याची असेल तर बायमेटॅलिक लग (तारेकडे अ‍ॅल्युमिनिअम, पट्टीकडे तांबं), १६ चौरस मिलीमीटरचा, आणि त्याच मापाच्या डायने क्रिंप, म्हणजे दाबून पक्का. एक माप मोठा लग घेऊन तारा दुमडून भरणं हाच पुढच्या दोषाचा पाया असतो. लग स्वतंत्र बोल्टवर, स्प्रिंग वॉशरसह, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला आवळायचा. पट्टीच्या स्क्रूची आटी जळली असेल तर पट्टीच बदलायची. न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा सुटा स्विच कुठे असेल तर तो काढून टाकायचा. न्यूट्रल तोडायचाच असेल तर चार पोलच्या अशा स्विचने, जो जोडताना न्यूट्रल आधी जोडतो आणि तोडताना शेवटी तोडतो.

आता चाचणी. बोर्डावर भार नसताना २३० दिसणं निरुपयोगी आहे, कारण करंटच नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज पडत नाही. सगळ्या मजल्यांच्या एमसीबी बंद ठेवून फक्त आर फेजवर १००० वॅटचा हीटर लावायचा आणि बी फेज ते न्यूट्रल पट्टी मोजायचं. न्यूट्रल पक्का असेल तर हीटर लावल्याने हा आकडा व्होल्ट-दोन व्होल्टहून जास्त हलत नाही. न्यूट्रल तुटलेला असेल तर हीटर तापतच नाही आणि मीटर ४०० दाखवतो, आणि मजल्यांवरचं काहीही जळत नाही कारण ते जोडलेलंच नाही. मग हीटर चालू ठेवून थेट जोडावर मिलीव्होल्ट मोजायचे. ४.३ अँपिअरवर दोन-तीन मिलीव्होल्टच्या आत असावं. दहा-वीस दिसले तर क्रिंप पुन्हा करायचा.

एक प्रश्न उरतो तो १६ चौरस मिलीमीटरच्या न्यूट्रलचा. संतुलित भारात न्यूट्रलचा करंट शून्य होतो या तत्त्वावर तो बारीक ठेवलेला असतो. पण एलईडी आणि चार्जर लाटेच्या शिखरालाच करंट ओढतात, आणि त्यातला १५० हर्ट्झचा भाग तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी एकाच दिशेला असतो. तो न्यूट्रलमध्ये रद्द होत नाही, त्याची बेरीज होते. करंटच्या टोकदार लाटा एकमेकींवर येत नसतील तर तिन्ही फेज तंतोतंत समान असूनही न्यूट्रलचा करंट फेजच्या १.७३ पट जातो. अशा इमारतीला नवी केबल टाकायची वेळ आली तर चारही कोअर सारख्या जाडीच्या घ्याव्यात, आणि तोवर क्लॅम्प मीटर फेजवर लावाल तसा न्यूट्रलवरही लावावा.

वाचलेल्या उपकरणांकडेही बघायला हवं. ज्या अडॅप्टरने आणि सर्ज प्रोटेक्टरने ३४१ व्होल्ट सोसले, त्यांचे एमओव्ही खचलेले असू शकतात आणि पुढे साध्या २३० व्होल्टवरही तापू शकतात. वितरण बोर्डावरचा सर्ज प्रोटेक्टर खिडकीत हिरवा दाखवत असला तरी त्याची कार्ट्रिज बदलावी. अडॅप्टर उघडता येत असेल तर कपॅसिटरचं डोकं सपाट आहे का आणि एमओव्हीचा लेप काळवंडला किंवा तडकला आहे का ते पाहावं; उघडता येत नसेल आणि तो पूर्वीपेक्षा गरम लागत असेल, तर तो वापरातून काढावा.